गोणीचा तोल

७ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र मिळालं. गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. आज ख्यालीखुशाली थोडक्यात आटपते, कारण मला तुला वॉशिंग मशीनबद्दल विचारायचंय. हसू नकोस, खरंच विचारायचंय.

आधी आमची गोणी कशी आहे ते नीट सांगते. निघायच्या गडबडीत मी सांगितलं त्यातलं निम्मं तुला कळलं नव्हतं, आणि उरलेलं निम्मं मलाच माहीत नव्हतं. हा लघुग्रह म्हणजे अखंड दगड नव्हे. दगडगोटे, खडी, भुकटी आणि मधूनमधून बर्फाचे गोळे, असा ढीग एकमेकांच्या ओढीने कसाबसा एकत्र राहिलेला. असा ढीग पोखरून आत घर करता येत नाही, आणि गरगर फिरवला तर उधळून जातो. म्हणून आमच्या आधीच्या तुकडीने त्याच्याभोवती जाळीची एक अवाढव्य गोणी शिवली आणि ती हळूहळू फिरवायला घेतली. ढीग फुटला, दगड बाहेरच्या अंगाला सरकून गोणीच्या कडेने चहूकडून बसले, मधे पोकळी झाली. त्या पोकळीत अस्तर लावून हवा भरली. आम्ही बेचाळीस जण त्या अस्तरावर, दगडांच्या थरावर उभे राहून जगतो. पन्नास सेकंदांत गोणीचा एक फेरा होतो, त्यामुळे घरच्यापेक्षा निम्मं वजन जाणवतं. मान वर केली की आकाशाऐवजी पलीकडची जमीन दिसते. तिथून खडीवाले काका मला हात करतात, डोकं खाली पाय वर. त्यांच्या लेखी उलटी मी.

इथवर सगळं छान चाललं होतं. पण महिना झाला, गोणी डगडगतेय. चालताना कळत नाही, दारापाशी कळतं. दार गोणीच्या एका टोकाला, बरोबर मध्यावर आहे, कारण फिरणाऱ्या वस्तूचा मध्यच काय तो जागेवर राहतो आणि येणारं यान तिथेच येऊन चिकटतं. आता मध्य सरकलाय. दार वीतभर अंतरावरून गोल गोल फिरतंय. चार बोटांचा फरक चालतो, वीतभर नाही.

मेच्या सुरुवातीला यान येतंय. चौऱ्याऐंशी माणसं, त्यात अकरा मुलं. दारापाशी थांबायला त्यांच्याकडे नऊ दिवसांचं इंधन असेल. तेवढ्यात दार स्थिर मिळालं नाही तर त्यांना तसंच परत फिरावं लागेल, आणि परतीची वाट आठ महिन्यांची आहे.

इथे गणित जाणणारी तीन माणसं आहेत आणि तिघांची चार मतं आहेत. परवा त्यांचं ऐकता ऐकता मला तुमचं दुकान आठवलं. दवाखान्याच्या ओल्या चादरी एका बाजूला गोळा झाल्या की मोठं मशीन कसं धडधडायचं, आणि तू पान्हा घेऊन मागच्या खोलीतून धावत यायचास. तेव्हा तू नेमकं काय करायचास?

हे आईला वाचून दाखवू नकोस. माझं नाव निघालं की ती उठून जाते, असं तूच लिहिलं होतंस. तिला दोन वर्षं सांगून मी नऊ वर्षांच्या करारावर सही केली आणि निघायच्या आठवडाभर आधी खरं सांगितलं. रागावणं बरोबरच आहे तिचं. पण चौदा महिन्यांत एक ओळसुद्धा नाही, मामा. इथून तिथे आवाज पोचायलाच चौदा मिनिटं लागतात, तेव्हा बोलणं होणं शक्य नाही. उरतात ती पत्रंच.

तुझी बारकी


१५ जानेवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. पत्र तीनदा वाचलं. तीस वर्षं मशीनं दुरुस्त करतोय, पण लघुग्रह दुरुस्तीला आणून देणारं गिऱ्हाईक तूच पहिली. मागच्या खोलीतल्या स्टुलावर बसून मी वहीत गोणीचं चित्र काढलं. सॉसची बाटली आडवी ठेवल्यासारखं दिसतंय. चालेल ना?

आता कामाचं. गिऱ्हाईक दुकानात आलं की मी तीन प्रश्न विचारतो, तेच तुला विचारतो. डगडग सतत सारखी आहे का कमीजास्त होते? एकाच बाजूला जाते का बाजू बदलते? आणि ती सुरू झाली त्याच्या आधी तुम्ही नवीन काय केलं होतं? या तिसऱ्या प्रश्नाला सगळी गिऱ्हाइकं एकच उत्तर देतात, “काही नाही हो, आपोआप सुरू झालं.” मग मी ड्रममध्ये हात घालतो आणि आतून बूट निघतो.

मी काय करायचो म्हणशील, तर त्यात काही विद्या नाही. मशीन बंद करायचं, झाकण उघडायचं, चादरी सोडवून सगळीकडे सारख्या पसरायच्या, पुन्हा चालू करायचं. तुम्हीही गोणी थांबवा, दगड सारखे करा आणि परत फिरवा. माझ्या अकलेप्रमाणे एवढंच सुचतं.

ताईला वाचून दाखवलं नाही. पत्र मी मागच्या खोलीत वाचतो, ती पुढे इस्त्री करत असते. मधे नुसता पडदा आहे आणि मला मोठ्याने वाचायची सवय, हे खरं. पण पुढे चार मशीनं चालू असतात, तिला काही ऐकू जात नसणार.

तिची तब्येत चांगली आहे. नवीन चष्मा घेतलाय. तो डोक्यावर ठेवून दुकानभर शोधत असते.

तुझा मामा


२३ जानेवारी

प्रिय मामा,

गोणी थांबवता येत नाही. थांबवायलाच पाच महिने लागतील, आणि थांबली की कडेने बसलेले सगळे दगड सुटून आमच्यासकट मधे तरंगायला लागतील. हे झाकण उघडण्यातलं नाही.

पण तुझे प्रश्न मी खडीवाले काकांना वाचून दाखवले. ते जन्मभर रस्ते बांधत आले, इथे खडी पसरवण्याचं काम त्यांच्याकडे आहे आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांना तुझं फार पटलं. म्हणाले, पहिले दोन प्रश्न आपण स्वतःला विचारलेच नव्हते. मग आम्ही दाराच्या नोंदी काढून बसलो.

उत्तर असं. डगडग कमीजास्त होते आणि बाजूही बदलते. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही जड वाटणाऱ्या बाजूची खडी गाड्या भरभरून समोरच्या बाजूला नेली. बारा जण, चार दिवस. दार वीतभरावरून सहा बोटांवर आलं. आम्ही खूश. पाचव्या दिवशी ते दुसऱ्याच दिशेला सरकायला लागलं आणि आठवड्यात पुन्हा वीतभर. म्हणजे वजन एका जागी बसून राहत नाहीये. दगडांतला बर्फ वितळतोय आणि ते पाणी खडीतून झिरपत कुठे तरी खोलगट जागा शोधतंय. रोज वेगळी. आम्ही खडी घेऊन त्याच्या मागे धावतोय आणि ते आमच्या पुढे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नवीन काही केलं नव्हतं. आपोआप सुरू झालं.

मला एक गोष्ट सारखी वाटते. चादरी तरी सगळ्या सारख्या कुठे पसरलेल्या असतात? तरी दहापैकी नऊ वेळा मशीन गुपचूप पिळून मोकळं होतं. मग त्या नऊ वेळा ते तोल कसा सांभाळतं?

बारकी


२ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू विचारलंस आणि मला लाज वाटली. तीस वर्षांत हे माझ्या मनात कधी आलं नाही. मशीन धडधडलं की मी धावायचो. जे धडधडत नाही त्याच्याकडे कोण बघतं?

म्हणून मी अंगणात पडलेलं एक भंगार मशीन आत ओढून आणलं. ड्रमच्या तोंडाशी प्लास्टिकचं एक जाड, पोकळ कडं असतं. फुटलं की मी नवीन बसवतो, जुनं फेकतो. ते हलवलं की आत डुचमळतं, एवढंच मला माहीत. आज करवतीने कापलं. आतून पाणी निघालं. जिभेला लावून बघितलं, खारट. मिठाचं पाणी साध्यापेक्षा जड आणि थंडीत लवकर गोठत नाही, म्हणून असेल. कड्यात जेमतेम अर्ध्यापर्यंत भरलेलं, बाकी मोकळं. आणि आत ठरावीक अंतरावर आडवे छोटे पडदे, प्रत्येक पडद्याला नखाएवढं भोक.

मग चालू मशीनपुढे दिवसभर बसलो. एका मशीनच्या कड्याला वरून खिडकी पाडली, पारदर्शक पत्रा चिकटवला, पाण्यात शाई टाकली. ड्रमच्या एका बाजूला मुद्दाम ओला टॉवेल बांधला. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो. मशीन सावकाश फिरत असतं तेव्हा कड्यातलं पाणी टॉवेलच्याच बाजूला जाऊन बसतं, म्हणजे जडाला आणखी जड करतं. पिळणं सुरू होताना मशीन जास्त का धडधडतं ते आज कळलं. पण वेग वाढला की एका क्षणी ड्रम स्प्रिंगांची ओढ झुगारतो, स्वतःच्या तोलाभोवती फिरायला लागतो, आणि पाणी आपण होऊन समोरच्या हलक्या बाजूला पळतं. मग आवाज एकदम बसतो. टॉवेल सोडून दुसरीकडे बांधला, तर पाणीही जागा बदलतं. त्याला कुणी सांगावं लागत नाही.

तुमचं वजन जागा बदलतंय ना? मग त्याच्यामागे धावणारंही काहीतरी जागा बदलणारंच हवं. खडी ती नव्हे.

एक अडचण आहे. तुमची गोणी पन्नास सेकंदांत एक फेरा घेते म्हणजे फारच सावकाश. मग पाणी जड बाजूलाच गेलं तर? त्यावर एकच विचारायचं राहिलं, तुमचं यंत्र बसवलंय कशावर? फरशीवर, स्प्रिंगवर, कशाला टांगलंय? सगळं त्याच्यावर आहे.

मामा


१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

कशावरच नाही.

गोणी कशावरच बसवलेली नाही. फरशी नाही, स्प्रिंग नाही, दांडा नाही. ती मोकळी आहे, त्यामुळे किती का सावकाश फिरेना, पहिल्या फेऱ्यापासून ती स्वतःच्या तोलाभोवतीच फिरते. तुझ्या मशीनला ज्या वेगापर्यंत धडधडत जावं लागतं, त्याच्या पलीकडे आम्ही जन्मापासून आहोत. कड्यातलं पाणी आमच्याकडे कायम हलक्याच बाजूला जाणार.

मी पत्र घेऊन गणितवाल्या मावशींकडे गेले. त्या कुणाचं पटकन मान्य करत नाहीत. त्यांनी दीड दिवस आकडेमोड केली आणि येऊन एवढंच म्हणाल्या, “बरोबर आहे. कसं सुचलं नाही?” संध्याकाळी सगळे जमले. ठरलं ते असं. नाहीतरी वितळलेलं पाणी उपसून कुठेतरी साठवायचं होतंच. ते टाक्यांत न भरता अस्तरावर कालवे खणायचे. गोणीच्या आतून पूर्ण फेरा घालणारे, तीन. दोन टोकांना दोन आणि मधे एक मोठा. प्रमुख बाईंनी विचारलं, कल्पना कुणाची? मी सांगितलं, माझ्या मामाची, तो वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, त्यांना आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा म्हणावं.

कालव्याला आतले पडदे काही करणार नाही. ते प्लास्टिकला आधार म्हणून असावेत, आणि आमच्याकडे वेळ कमी आहे.

आता एक विचारते. तो शेवटचा प्रश्न तुझा नाही. तू जन्मात कधी मशीनला यंत्र म्हणालेला नाहीस. “बसवलंय कशावर” असं विचारणारं माणूस आपल्या घरात एकच आहे.

बारकी


१८ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पकडलंस. तुझ्या पत्राचा तो शेवटचा भाग मात्र मी मनातल्या मनात वाचला.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच दिवशी तिने इस्त्री बंद केली होती. मला वाटलं, कपडे संपले असतील. दुसऱ्या पत्राच्या वेळी तिने चारही मशीनं बंद केली. तेव्हा मला कळायला हवं होतं. मी भंगार मशीन कापत होतो तेव्हा ती पडद्याशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, करवत सरळ धर. मग तिथेच बसली. टॉवेल बांधायचं तिचं, शाई तिची. सावकाश फिरताना पाणी चुकीच्या बाजूला जात असणार हे तर तिने न बघता सांगितलं. पंचवीस वर्षं ती ते मशीन ऐकतेय.

पण मला बजावलंय, तिचं नाव लिहायचं नाही. हे पत्र ती दवाखान्यात चादरी पोचवायला गेल्यावर लिहितोय. म्हणून तूही पुढच्या पत्रात काही दाखवू नकोस, कारण ते मी मोठ्यानेच वाचणार आहे.

मामा


२१ मार्च

प्रिय मामा,

महिनाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

मधला कालवा आम्ही अठरा दिवसांत खणला आणि पाणी सोडलं. पहिले दोन दिवस दार अगदी शांत. लोक काठावर बसून पाण्याकडे बघत होते. इथे इतकं पाणी एकत्र कुणी पाहिलंच नव्हतं. समोर बघितलं की तोच कालवा चढत चढत डोक्यावरून जातो आणि पाठीमागून खाली येतो, आणि त्यातून एक थेंब पडत नाही. तिसऱ्या दिवशी पाण्यात एक लाट उठली. हातभर उंच, लांबरुंद, आणि ती थांबेचना. कालव्याला शेवट नाही, तिला आपटायला काठ नाही. ती गोणीभर फेऱ्या मारत राहिली आणि प्रत्येक फेरीत वाढत गेली. दार दोन वीत फिरायला लागलं. यानाला धरून ठेवणारे जे हात दाराला आहेत, त्यातला एक मोडला. तो सोडवायला खडीवाले काका गेले आणि त्यांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. आम्ही पाणी उपसून काढलं. काका बरे होतील, पण तीन महिने हात गळ्यात.

काल बैठकीत बाई म्हणाल्या, यानाला परत फिरण्याचा निरोप पाठवायचा का, ते तीन आठवड्यांत ठरवावं लागेल.

आणि आता तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मी खोटं लिहिलं होतं. आपोआप सुरू झालं नाही. दगडांच्या थरात गरम नळ्या आहेत, त्या सगळीकडे सारख्या आणि हळूहळू तापवायच्या होत्या. नळ्यांचं काम माझ्याकडे. मी एका पट्ट्यात त्या लवकर आणि जास्त तापवल्या. मला यान यायच्या आत तिथली माती तयार करून काहीतरी हिरवं उगवून दाखवायचं होतं. मुलं येणार, त्यांना उतरल्यावर राखाडी खडीच दिसू नये, असं वाटलं. त्या पट्ट्यातला बर्फ एकदम वितळला आणि तिथून हे पाणी हिंडायला लागलं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. काकांचं हाड मोडलं त्या दिवशी त्यांना सांगितलं, मग बाईंना, आज तुला. काका म्हणाले, “मला वाटलंच होतं, नळ्यांच्या नोंदी मीही वाचतो. तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होतो.” बाईंनी नळ्यांचं काम काढून घेतलं. योग्यच केलं.

बारकी


२९ मार्च

प्रिय बारके,

हे पत्र अर्धं माझं आणि अर्धं मी फक्त लिहून घेतलंय. तुझं वाचून संपलं तेव्हा ताई पडदा सरकवून आत आली, समोर बसली आणि म्हणाली, “तिला विचार, कड्यातले पडदे का गाळले? आणि आता मी सांगते तसं लिही.”

तर लिहितो. कड्यातले पडदे आधारासाठी नाहीत. आम्ही दुसरं कडं कापून त्याचे पडदे काढले आणि मशीन चालवलं. तुझ्या कालव्यासारखंच झालं. पाणी तोल सांभाळायला जाण्याऐवजी लाट होऊन नुसतं हिंडत राहिलं. मशीन भिंतीला जाऊन लागलं, तिथला पोपडा पडलाय. मग उलट करून पाहिलं, पडदे ठेवले पण भोकं बुजवली. तर पाणी जागचं हललंच नाही, कडं असून नसल्यासारखं. म्हणजे पडदाही हवा आणि भोकही हवं. पाणी सावकाश जाऊ शकेल पण धावू शकणार नाही एवढं. भोक केवढं, ते आम्ही पाच मापं करून पाहिली. कड्याच्या उंचीच्या आठव्या हिश्शाएवढं सगळ्यात चांगलं. तुमच्याकडे वेगळं असेल, पण सुरुवात तिथून करा. भोक तळाशी ठेवा. ताई सांगते, एकदम सगळं पाणी सोडू नका, पाव कालवा भरून दोन दिवस बघा.

आता माझं. तू खरं लिहिलंस म्हणून मलाही एक सांगायचंय. तुझा करार नऊ वर्षांचा आहे हे तू मला चार महिने आधी सांगितलं होतंस, आणि मी ताईला तसं कळू दिलं नव्हतं. तिला वाटत होतं, मलाही तिच्याबरोबरच कळलं. तुझं पत्र वाचल्यावर मी तिला सांगून टाकलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पडदा बंद. मी गिऱ्हाइकांकडून निरोप पाठवत होतो, म्हणजे बघ. तिसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, “तिने पाणी सगळं उपसलं का थोडं ठेवलंय?”

नळ्यांबद्दल ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, काय लावलं होतं तिने? मला माहीत नव्हतं. काय लावलं होतंस?

मामा


६ मे

प्रिय मामा, आणि पडद्यापलीकडे जे कोणी ऐकत असेल त्यांना,

यान लागलं.

पहिल्यापासून सांगते. पडदे आम्ही गोणीच्या उरलेल्या जाळीचे केले, खडी भरून कालव्यात आडवे रोवले. आठव्या हिश्शाचं भोक आम्हाला लहान पडलं, सहाव्या हिश्शाला जमलं. पाव कालवा भरून दोन दिवस वाट पाहिली. लाट उठली, पहिल्या पडद्याला दबली, दुसऱ्याला मोडली, चौथ्याला गेली. गणितवाल्या मावशी काठावर बसून पडदे मोजत होत्या. मग अर्धा भरला, मग तिन्ही कालवे. दार वीतभरावरून सहा बोटांवर येऊन थांबलं, आणि मुख्य म्हणजे तिथेच राहिलं. पाणी हिंडणाऱ्या वजनामागे जात होतं, आता जे उरलं ते हलत नव्हतं. हलत नाही त्याला खडी पुरते. आम्ही सगळ्यांनी नऊ दिवस गाड्या ओढल्या. काका एका हाताने कुठे टाकायची ते दाखवत होते. बाईही ओढत होत्या.

यान आलं तेव्हा फरक तीन बोटांचा होता. पहिल्या दिवशी ते लागलं नाही. दाराचा एकच हात धड, दुसरा आम्ही दुरुस्त केलेला, यानाच्या चालकाला त्याचा भरवसा वाटेना. त्याने चार दिवस लांबून नुसतं दाराकडे पाहिलं. ते चार दिवस आम्ही कुणी नीट जेवलो नाही. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, तुमचं दार इतकं शांत कशाने आहे? बाईंनी कालव्यांबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे आमच्या धुलाईयंत्रात असतं तसं कडं?” आणि यान पुढे घेतलं.

मी दाराशी दोर धरून होते. दारापाशी वजन नसतं, माणसं तरंगत आत येतात, आणि उतरणीच्या जिन्याने खाली येता येता हळूहळू जड होत जातात. सगळ्यात लहान मुलगी पाच वर्षांची आहे. तिने पहिली गोष्ट विचारली, ही नदी कुठे जाते? मी म्हटलं, कुठेच नाही, इथेच फिरते. तिने वर बोट दाखवलं, ती वरची पण हीच? हीच, म्हटलं. मग ती काठावर पाठ टेकून झोपली आणि पलीकडे वर दिसणाऱ्या पाण्याकडे तोंड करून तिने हाक मारली. तिथून काकांनी ओ दिली.

तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते, पालक लावला होता. नळ्या बंद केल्यावर गारठ्याने गेला सगळा. आता काकांच्या परवानगीने पुन्हा पेरलाय, नळ्या जास्तीच्या न तापवता.

आई, तू ऐकत असशील तर, मी चुकले. नळ्यांचं नव्हे, ते त्यांना सांगून झालं. तुझ्याबाबतीत चुकले.

बारकी


१४ मे

बारके,

मामा दवाखान्याच्या चादरी घेऊन गेलाय. त्याच्या अक्षरात माझं म्हणणं नीट येत नाही, म्हणून मीच लिहायला बसले.

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. जाईल तेव्हा जाईल, मी त्याच्यामागे लागलेली नाही. पण तुझी पत्रं ऐकायला लागल्यापासून दिवसभर डोक्यात तुमचं ते पाणीच फिरतं. काल एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

काही गोष्टी मला कळलेल्या नाहीत. कालव्यात सरळ खडा टाकला तर तो सरळ बुडतो का तिरका? समोरच्या काठावरून कुणी चेंडू टाकला तर तो तुझ्यापाशी पडेल का दुसरीकडेच? पाण्याचा पृष्ठभाग तुला वाकलेला दिसतो का सपाट? पडद्यांच्या भोकांतून पाणी जाताना आवाज होतो का, आणि तोल बिघडला की तो आवाज बदलतो का? बदलत असेल तर एका माणसाला रोज तिथे बसवून ऐकायला लाव, आकडे नंतर बघा.

आणि एक फार महत्त्वाचं. कड्यात गाळ साचतो. आमच्या मशीनमध्ये बंद असतं म्हणून चालतं, तुमचं उघडं आहे. माती जाणार, पालकाची पानं जाणार, मुलं काय काय टाकतील. गाळ भोकांशी बसणार आणि भोकं बुजली की सगळं मुसळ केरात. त्याची सफाई कशी, कोण, किती दिवसांनी, हे आत्तापासून ठरवा. नऊ वर्षं धरून सांग.

उत्तर मामाला नको. मला लिही.

आई